मलावीतल्या मिशन हॉस्पिटलला मोठी देणगी द्यायची आहे: थिएटर बांधावं, विहिरी खणाव्यात की आणखी काही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या मंडळीचा धर्मादाय निधी बरीच वर्षं मलावीतल्या एका ग्रामीण मिशन हॉस्पिटलला पैसे पाठवतो आहे. आता एका दिवंगत सभासदाच्या मृत्युपत्रातून मोठी रक्कम हाती आली आहे. समितीतल्या काहींना त्यातून नवं ऑपरेशन थिएटर बांधायचं आहे, काहींना आसपासच्या गावांत बोअरवेल हव्या आहेत. एका ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप असा की हे त्या देशाच्या सरकारचं काम आहे, चर्चने ते अंगावर का घ्यायचं? शिवाय थिएटरसाठी सर्जन मिळेल का आणि या मदतीकडे धर्मप्रचार म्हणून पाहिलं जाईल का, याही शंका तुम्ही काढल्या आहेत.

ख्रिस्ती संस्थांच्या निधीची आखणी आणि तपासणी हे माझं काम, आणि त्यातला मोठा काळ मलावीत गेला. माझं मत आधीच सांगतो. थिएटर बांधू नका, नव्या बोअरवेलही तूर्त नकोत. रक्कम पाच वर्षांत विभागा, तिचा मोठा भाग हॉस्पिटलच्या रोजच्या खर्चाला द्या, आणि काही बांधायचंच असेल तर नर्सना राहायला घरं बांधा. समितीला हे पटवणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

मलावीत मिशनचे दवाखाने सरकारी दवाखान्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत. स्कॉटलंडच्या फ्री चर्चची लिव्हिंगस्टोनिया मिशन 1875 साली मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लिअर इथे पोचली. मलेरियाने माणसं दगावत गेली, म्हणून 1881 मध्ये मुक्काम बांडावेला आणि 1894 मध्ये डोंगरावरच्या खोंडोवेला हलवावा लागला. त्या पहिल्या तुकडीतले डॉ. रॉबर्ट लॉज पुढे सुमारे अर्धशतक तिथेच राहिले. नंतर वेगवेगळ्या प्रेस्बिटेरियन, कॅथलिक, अँग्लिकन आणि ॲडव्हेंटिस्ट मिशनांनी आपापल्या भागात दवाखाने उभे केले. 1966 मध्ये हे सगळे एका छत्राखाली आले. ती संस्था म्हणजे ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी. तिथे सगळे तिला ‘चॅम’ म्हणतात. आज देशातल्या आरोग्यसेवेचा साधारण तिसरा हिस्सा चॅमच्या दवाखान्यांतून दिला जातो आणि तो प्रामुख्याने खेड्यापाड्यांत. नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर (म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेले, पण उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी) घडवणारी बरीच महाविद्यालयंही याच मंडळींची आहेत.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप इथेच निम्मा सुटतो. चॅमच्या हॉस्पिटलातल्या बहुतेक स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार मलावीचं सरकारच देतं. म्हणजे चर्च सरकारचं काम परस्पर उरकतंय असं नाही, दोघांनी मिळून एकच गाडा ओढायचा असं ठरलेलं आहे. फरक पैसे घेण्यात आहे. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत. मिशन हॉस्पिटलात फी लागते, कारण पगार सोडून बाकीचा खर्च त्यांचा त्यांनाच भागवावा लागतो. ज्या गावापासून सरकारी दवाखाना लांब आणि मिशनचा जवळ, तिथल्या गरीब बाईने काय करायचं? यावर तोडगा म्हणून सरकार आणि चॅम यांच्यात सेवा-करार सुरू झाले. त्यांना सर्व्हिस लेव्हल ॲग्रीमेंट म्हणतात. मुख्यतः गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळांची सेवा मिशनने मोफत द्यायची आणि त्याचं बिल सरकारला लावायचं, अशी ही व्यवस्था. जिथे हे करार झाले तिथे दवाखान्यात येऊन बाळंत होणाऱ्या बायकांची संख्या वाढली, हे अभ्यासांतही दिसून आलं आहे.

कल्पना चांगली आहे. घोडं अडतं ते वसुलीत.

अशा हॉस्पिटलच्या हिशेबनिसाशेजारी महिनाअखेरीला बसलं की चित्र स्पष्ट होतं. टेबलावर बाळंतपणाचं रजिस्टर, त्यातल्या एकेका ओळीवरून तयार केलेलं बिल, आणि बाजूला आधीच्या बिलांची फाइल. ती बिलं पाठवलेली आहेत, तपासून झालेली आहेत, पण पैसे आलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला देणी: सेंट्रल मेडिकल स्टोअर्स या सरकारी औषध-भांडाराकडून घेतलेल्या औषधांची उधारी, वीजबिल, रुग्णवाहिकेचं डिझेल, सरकारी यादीत न बसणाऱ्या रखवालदारांचा आणि सफाई कामगारांचा पगार. तोंडमिळवणी करायला त्या माणसाच्या हातात दोनच गोष्टी असतात. एक, बाकीच्या रुग्णांची फी वाढवायची. दोन, कुठलं तरी देणं पुढे ढकलायचं. फी वाढली की मलेरियाने तापलेलं मूल दोन दिवस उशिरा येतं, आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत ते दोन दिवस जिवावर बेततात. औषधांचं देणं थकलं की पुढची औषधं वेळेवर येत नाहीत. हॉस्पिटलची इमारत शाबूत, माणसं कामावर हजर, आणि गंभीर मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन संपलेलं. देणगीदारांच्या अहवालातल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

आता या हॉस्पिटलात नवं थिएटर बांधलं असं समजा. मलावीत सिझेरियन शस्त्रक्रिया बहुतांशी क्लिनिकल ऑफिसर करतात, भूलही त्याचं प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसरच देतात, आणि उत्तम करतात. तेव्हा सर्जन मिळेल का ही तुमची काळजी रास्त असली तरी खरी अडचण ती नाही. थिएटर चालू ठेवायला ऑक्सिजन लागतो, उपकरणं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लागतो, टाके घालायचा धागा, हातमोजे, रक्त लागतं, आणि मुख्य म्हणजे अखंड वीज लागते. मलावीची बहुतांश वीज शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते. जानेवारी 2022 मध्ये ‘आना’ वादळाच्या पुरात कपिचिरा इथलं केंद्र बंद पडलं आणि देशाच्या वीजनिर्मितीचा जवळपास तिसरा हिस्सा एका फटक्यात गेला. वीज गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल. आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे पंपावर डिझेलच नाही, अशा रांगा तिथे वारंवार लागतात. थिएटर वाढलं की या सगळ्याचं बिल वाढतं, आणि ते त्याच हिशेबनिसाच्या टेबलावर येऊन पडतं. इमारतीसाठी एकदा पैसे देणारे पुष्कळ भेटतात, पण ती रोज चालवायला पैसे देणारं कुणी भेटत नाही.

माझा इमारतींना सरसकट विरोध नाही. घरांचं उदाहरण देतो. 2004 मध्ये मलावीत नर्स आणि डॉक्टर इतक्या झपाट्याने परदेशी किंवा खाजगी नोकऱ्यांत जात होते की सरकारने आणीबाणीचा मनुष्यबळ कार्यक्रम काढला. ब्रिटिश सरकार आणि ग्लोबल फंड (एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) यांच्या पैशातून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या 11 संवर्गांना पगारावर 52 टक्के भर देण्यात आला. त्याचा उपयोग झाला. पण आडबाजूच्या हॉस्पिटलात नर्स टिकण्यासाठी पगाराइतकंच महत्त्वाचं असतं ते घर. रात्रपाळी संपवून तिला अंधारात चार-पाच किलोमीटर चालत भाड्याच्या खोलीवर जायचं असेल, घरी नळ नसेल, मुलांची शाळा लांब असेल, तर ती पहिली संधी मिळताच बदली घेते. हॉस्पिटलच्या आवारात दोन खोल्यांचं पक्कं घर, पाणी, छोटं सोलर युनिट. एवढ्याने नर्स थांबते. आणि घराचा चालू खर्च जवळजवळ शून्य असतो. वर्षाकाठी रंग आणि पत्र्यांची डागडुजी. बांधकामाच्या बाबतीत माझी कसोटी हीच आहे: हे बांधल्यावर हॉस्पिटलचा दरमहाचा खर्च वाढणार की हॉस्पिटल चालवणं सोपं होणार?

त्याच वर्गातली दुसरी गोष्ट म्हणजे नातेवाइकांची शेड. मलावीत रुग्णाचं जेवण आणि शुश्रूषा बव्हंशी सोबत आलेल्या नातेवाइकावर असते. त्यांना ‘गार्डियन’ म्हणतात. बहुधा आई, बहीण किंवा मावशी. वॉर्डामागे तीन दगडांच्या चुलींवर न्सिमा शिजत असतो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. पावसाळ्यात शेड नसेल तर बायका व्हरांड्यात धुरात रांधतात आणि तिथेच झोपतात. शेड, धूर कमी करणाऱ्या चुली, दोन न्हाणीघरं आणि संडास, एवढं केलं तर रुग्ण मध्येच घरी नेण्याचं प्रमाण कमी होतं. प्रसूतीच्या आधी येऊन राहण्यासाठीचं प्रतीक्षागृह हाही याच जातीचा खर्च. या गोष्टींवर पाटी लावायला कुणी पुढे येत नाही, म्हणून त्या मागे राहतात.

पैशाच्या मूल्याबद्दल एक मुद्दा समितीला नीट समजावून सांगा, कारण तो बाहेरून दिसत नाही. 9 नोव्हेंबर 2023 रोजी मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, 44 टक्के अवमूल्यन केलं. एका डॉलरला साधारण 1,180 क्वाचा मिळत होते ते 1,700 झाले. मे 2012 मध्येही असंच मोठं अवमूल्यन झालं होतं. वरवर पाहता परदेशी देणगीदाराचा फायदा: तेवढ्याच डॉलरमध्ये जास्त क्वाचा. पण औषधं, सिरिंज, सुटे भाग, डिझेल सगळं आयात होतं. एक डॉलरचं औषध 1,180 ऐवजी 1,700 क्वाचांना पडतं, आणि रुग्णाच्या फीत तेवढी वाढ करता येत नाही. शिवाय बँकेतला दर आणि रस्त्यावरचा दर यांत मोठी तफावत राहते. व्यापारी माल रस्त्यावरच्या दराने आणतो आणि किमती त्याप्रमाणे लावतो. तुमची देणगी मात्र बँकेच्या दराने क्वाचात बदलते. या दोन दरांच्या फटीत देणगीचा बराच भाग नाहीसा होतो, आणि त्यात कुणाची अफरातफर नसते. म्हणून पाच वर्षांचा करार क्वाचात लिहू नका, आपल्या चलनात लिहा. दर सहा महिन्यांनी अंदाजपत्रक पुन्हा मांडायची मुभा ठेवा. आणि आयात करावी लागणारी मोठी वस्तू शक्य असेल तर थेट पुरवठादाराला परदेशी चलनात पैसे देऊन घ्या. कुणी ‘ओळखीच्या माणसाकडून चांगला दर मिळतो’ म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. ते बेकायदा आहे, आणि पकडलं गेलं तर हॉस्पिटलची नोंदणी धोक्यात येते.

आक्षेपाचा उरलेला निम्मा भाग: देणगीमुळे सरकार हात झटकेल का? ही भीती निराधार नाही. 2013 मध्ये सरकारी तिजोरीतून पैसे लांबवल्याचं ‘कॅशगेट’ प्रकरण उघडकीला आलं, आणि मोठ्या देणगीदार देशांनी सरकारच्या अर्थसंकल्पात थेट पैसे घालणं थांबवलं. पैसे स्वतंत्र प्रकल्पांतून फिरू लागले. त्याचा एक वाईट परिणाम असा झाला की जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला आपल्याच जिल्ह्यात कोण काय करतंय याचा पत्ता राहीना. एखादी संस्था येते, सरकारी दवाखान्यातल्या क्लिनिकल ऑफिसरला दुप्पट पगार देऊन उचलते, तीन वर्षं प्रकल्प चालवते आणि निघून जाते. प्रशिक्षणवर्गांचंही तेच. भत्ता मिळतो म्हणून आठवड्यातले तीन दिवस वॉर्ड सोडून नर्स हॉटेलात कार्यशाळेला. यात दोष नर्सचा नाही. तिच्या पगारात भत्त्याशिवाय भागत नाही. पण तुमच्या निधीतून असा वर्ग कधीही भरवू नका. शिकवायचं असेल तर वॉर्डात, कामावर, सोबत उभं राहून शिकवणाऱ्या माणसाला पैसे द्या.

सरकारला सोबत ठेवण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. प्रत्येक जिल्ह्याची वार्षिक अंमलबजावणी योजना असते. तुमचं हॉस्पिटल त्या योजनेत आहे का, तुमची मदत तिथे नोंदवली आहे का, सेवा-कराराची थकबाकी किती आणि ती मागायला चॅमकडून कोण जातंय, हे विचारत राहा. तुमच्या निधीतला थोडा भाग फिरत्या निधीसारखा ठेवा: सरकारी बिल थकलं की हॉस्पिटलने त्यातून औषधं आणायची, बिल आलं की परत भरायचं. यामुळे सरकारची जबाबदारी सरकारच्याच नावावर राहते, आणि मधल्या महिन्यांत मुलं औषधावाचून राहत नाहीत. मी पाहिलेल्या सगळ्या मदतींत एवढ्या थोड्या पैशात एवढं काम करणारी दुसरी नाही.

आता गावांकडे. इथे मला एका कामाबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आरोग्य आणि विकास एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते त्यात स्वच्छ दिसतं. उत्तर मलावीत एक्वेंडेनी इथे प्रेस्बिटेरियन चर्चचं हॉस्पिटल आहे. तिथे कुपोषित मुलं येत, बरी होऊन घरी जात आणि पुन्हा येत. हॉस्पिटलने चौकशी केली तेव्हा मूळ शेतात सापडलं. खताच्या किमती परवडण्यापलीकडे गेल्या होत्या, नुसता मका घेऊन जमिनीचा कस उतरला होता, आणि ताटात मक्याशिवाय फारसं काही नव्हतं. 2000 साली हॉस्पिटलने माती, अन्न आणि आरोग्य यांना जोडणारा प्रकल्प सुरू केला. एस्तेर लुपाफ्या ही तिथली नर्स त्यात आघाडीवर होती, कॅनडातल्या विद्यापीठांतून आलेले संशोधक सोबत होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या बांधावर प्रयोग करायचे ठरवलं: भुईमूग आणि तूर एकत्र पेरायचे. भुईमूग लवकर निघतो, तूर उशिरा. दोन्ही जमिनीत नत्र धरतात, पाला-पाचोळा मातीत गाडला की पुढच्या वर्षी मका चांगला येतो. आणि घरात प्रथिनं येतात.

पण पीक आलं म्हणजे मुलाच्या पोटात गेलं असं होत नाही, हे त्या मंडळींनी लवकर ओळखलं. शेंगा विकून आलेला पैसा कुणाच्या हातात जातो? लहान बाळाला काय भरवायचं हे घरात कोण ठरवतं? बहुतेक घरांत सासूचा किंवा आजीचा शब्द चालतो, आणि बाळाला पेज कधीपासून द्यायची हे तीच सांगते. नर्स फक्त आईलाच समजावत बसली असती तर काही बदललं नसतं. म्हणून आज्यांना, बापांना, आयांना एकत्र बसवून चर्चा सुरू झाल्या, आणि गावात पाककृतींचे दिवस भरवले गेले. तिथे पुरुषही तूर-सोयाबीनचे पदार्थ रांधायला बसले. कामाला वर्षं लागली. पण मुलांच्या वजनात आणि घरातल्या कामाच्या वाटणीत फरक दिसला, आणि प्रयोग पुढे हजारो कुटुंबांपर्यंत गेला. या सगळ्यात सर्वांत मोठा खर्च होता तो माणसांच्या पगाराचा आणि मोटारसायकलच्या पेट्रोलचा. तुमच्या समितीत कुणी ‘पगारावर पैसे कशाला’ म्हणालं तर त्यांना एक्वेंडेनीबद्दल सांगा.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. मलावीत गावोगाव आफ्रिडेव्ह हा हातपंप आहे. गावातल्याच माणसांना उघडून दुरुस्त करता यावा, हाच हेतू धरून तो 1980 च्या दशकात तयार झाला, आणि त्याच्या घडणीतला काही भाग मलावीतच झाला. त्यातली रबरी सील आणि दांड्यांचे मधले आधार झिजतात. ते वेळेवर बदलले तर पंप वर्षानुवर्षं चालतो. नाही बदलले तर किरकोळ किमतीच्या सीलपायी अख्खी बोअर बंद पडते. तुमच्या हॉस्पिटलच्या पंचक्रोशीत बंद पंप नक्की असतील. नवी बोअर खणण्याआधी ते चालू करा. परिसरातल्या दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला हत्यारं आणि सायकल द्या, सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतील अशी सोय करा, आणि पाणी समितीच्या वर्गणीचा हिशेब गावच्या बचतगटात, ज्याला तिथे बँक न्खोंडे म्हणतात, ठेवता येतो का ते पाहा. दक्षिणेला चिक्वावा, न्सांजे भागात असाल तर आणखी सावध: तिथे काही ठिकाणी बोअरचं पाणी इतकं खारट लागतं की बायका पंप सोडून पुन्हा नदीवर जातात, आणि शिरे नदीत मगरी आहेत. 2022 च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या कॉलऱ्याच्या साथीत मलावीत 1,700 हून अधिक माणसं गेली. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने त्यात भर घातली. तेव्हा पाणी दुय्यम आहे असं मी म्हणत नाही. पण नवी बोअर आणि चालू पंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धर्माबद्दल. 2018 च्या जनगणनेत मलावीत सुमारे 77 टक्के लोक ख्रिस्ती आणि 14 टक्के मुस्लिम होते. मांगोचीसारख्या जिल्ह्यात मुस्लिम बहुसंख्य आहेत. चर्चला तिथे जो मान आहे तो नुसत्या प्रार्थनेमुळे नाही. 8 मार्च 1992 रोजी कॅथलिक बिशपांनी राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडांच्या एकपक्षीय राजवटीविरुद्ध पत्र काढून ते सगळ्या चर्चमधून वाचायला लावलं. पुढच्याच वर्षी सार्वमत झालं आणि 1994 मध्ये बहुपक्षीय निवडणूक. लोक हे विसरलेले नाहीत. तरीही, किंबहुना म्हणूनच, नियम कडक हवा. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेत तो स्पष्ट आहे: मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करायचा नाही. सकाळी कर्मचाऱ्यांची प्रार्थना होते, त्यात गैर काही नाही. पण वॉर्डात खाटेवर असलेल्या माणसाला ‘तुझं चर्च कोणतं’ हे नोंदणीत विचारलं जात असेल, तर ते का विचारतात हे लेखी मागा. येशूने कुष्ठरोग्याला बरं करताना अट घातली नव्हती. माझ्या श्रद्धेत एवढं पुरेसं आहे.

एक अवघड गोष्ट इथे बोललीच पाहिजे. कॅथलिक हॉस्पिटलांत आधुनिक कुटुंबनियोजनाची साधनं मिळत नाहीत. तुमचं हॉस्पिटल कॅथलिक असेल तर त्यांच्या विश्वासावर दबाव आणू नका, पण बाळंत झालेल्या बाईला ही सेवा जवळ कुठे मिळते ते सांगितलं जातं का, सरकारी आरोग्य कर्मचारी त्या परिसरात ती देतात का, हे जरूर विचारा. पाच मुलांनंतर थकलेल्या बाईला गप्प राहून परत पाठवणं मला मान्य नाही, आणि हे मी चर्चच्या बैठकांतही बोलत आलो आहे.

पैसे कसे द्यायचे? पाच वर्षांचा लेखी शब्द द्या, चौथ्या-पाचव्या वर्षी रक्कम हळूहळू कमी होईल हे पहिल्याच दिवशी सांगा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा त्या पैशावर ठेवलेले एचआयव्ही कामातले कर्मचारी पाहता पाहता बेकार झाले. मलावी हा तोच देश आहे ज्याने 2011 मध्ये एचआयव्हीबाधित प्रत्येक गरोदर स्त्रीला आयुष्यभर औषधं द्यायचं धोरण जगात सर्वांत आधी आणलं. इतकं मोलाचं कामही एका आदेशाने डळमळतं. तुमची रक्कम त्या मानाने लहान आहे, पण तिचा भरवसा मोठा असू शकतो. वेगळा अहवाल, वेगळं बँक खातं, वेगळा ऑडिट मागू नका. हॉस्पिटलचा स्वतःचा वार्षिक ऑडिट आणि वार्षिक अहवाल स्वीकारा, आणि तो वेळेवर व्हावा म्हणून चांगल्या हिशेबनिसाच्या पगाराला हातभार लावा. कंटेनर भरून जुनी यंत्रं पाठवू नका. 110 व्होल्टचं मशीन मलावीच्या 230 व्होल्टवर लावलं की काय होतं ते प्रत्येक हॉस्पिटलच्या अडगळीच्या खोलीत पाहायला मिळतं. औषधं पाठवलीच तर पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, हा जागतिक आरोग्य संघटनेचाच दंडक आहे.

समितीतलं कुणी प्रत्यक्ष जाणार असेल तर फेब्रुवारीत जा. जुलैत हवा कोरडी, रस्ते चांगले, कोठारात मका असतो, आणि सगळं ठीकठाक दिसतं. फेब्रुवारीत पावसामुळे मलेरियाचे वॉर्ड भरलेले असतात, जुना मका संपलेला आणि नवा शेतात उभा असतो. स्वागतसमारंभ नको म्हणून आधीच कळवा. औषधांच्या कोठारात जाऊन तीन वस्तूंची स्टॉक कार्डं मागा: आर्टेसुनेट इंजेक्शन, बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन आणि हातमोजे. ‘शिल्लक शून्य’ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती ते उतरवून घ्या. ऑक्सिटोसिन ज्या फ्रिजमध्ये ठेवतात त्याचा तापमानाचा तक्ता पाहा. तो 2 ते 8 अंशांच्या बाहेर किती वेळा गेला तेही त्यात असतं. मग हिशेबनिसाकडे बसा आणि त्याच तारखांना सेवा-कराराची किती बिलं थकली होती ते ताडून पाहा. या दोन कागदांवरून पहिल्या वर्षाच्या फिरत्या निधीत किती रक्कम ठेवायची ते तुम्हाला तिथेच काढता येईल.